ल्यूके

पुतेओली बंदराच्या वरच्या अंगाला
दोरिओन वैद्याचं दुकान. मी त्याचा लेखनिक,
मेणाच्या पाटीवर रोग उतरवून घेणारा.
तो बोलतो ग्रीक, मी लिहितो लॅटिन,
आणि माझी भाषा जिथे तोकडी पडते
तिथे त्याचाच शब्द घेतो, शेपूट छाटतो,
शेवटचं ‘ओस’ काढून ‘उस’ चिकटवतो.
झाला शब्द रोमचा नागरिक.

पांढरे शब्द तर पुष्कळ जमलेत माझ्याकडे.
ल्यूकोनोतुस, आभाळ धुऊन काढणारा दक्षिणवारा.
ल्यूकोफेउस, राखेत पडलेल्या लोकरीचा रंग.
एक फुलाचाही आहे, नेमकं कुठलं फूल
यावर दोरिओन आणि माळीण अजून भांडतात.
आणि या आमच्या मागच्या टेकड्या, ल्यूकोगेई,
जिथून गंधकाचा वास आणि पांढरी माती
एकाच गाढवावरून खाली येतात.

त्या मातीवर जगते नुमिसिया.
धोबीखान्यात तिचे पाय शिळ्या मुतात, हात खडूत,
वेताच्या पिंजऱ्यावर अंगरखे, खाली गंधकाची धुरी.
निवडणुकीला उभे राहणाऱ्यांचे झगे
ती असे उजळते की बघणाऱ्याने डोळे मिटावेत.
पांढऱ्याला तिच्याकडे दोनच शब्द:
आल्बुस, म्हणजे धुतलेलं.
कांदिदुस, म्हणजे जास्त पैसे घेऊन धुतलेलं.

त्या दिवशी तिने मनगट पुढे केलं.
“घासून पाहिलं,” म्हणाली, “जात नाही.
जन्मभर डाग काढले मी,
पण पांढरा डाग हा पहिलाच.”

दोरिओनने चिमटीत कातडी उचलली,
सुई टोचली.
रक्त आलं तर उपाय आहे.
आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो,
विहिरीत पडलेली घागर बघावी तसे.

आली ती ताकाच्या निवळीसारखी
एक टिकली.

“लिही,” तो मला म्हणाला. “ल्यूके.”
“म्हणजे?” तिने विचारलं.
“म्हणजे पांढरी.”
“ते मला दिसतंय. त्याचे वेगळे पैसे पडतील का?”

दोरिओन हसला नाही. सुई पुसत राहिला.
मग माझ्याकडे न बघता, ग्रीकमध्येच म्हणाला,
आमच्या नदीकाठी ल्यूके नावाचं झाड असायचं.
पान वरून हिरवं, पोटाला पांढरं.
वारा आला की सगळं झाड एकदम पालथं व्हायचं
आणि आई अंगणातून ओरडायची,
वाळत घातलेलं आत घ्या रे, ल्यूके उलटली.

इकडे आल्यावर मात्र त्या शब्दाला
कुणी झाड म्हणून ओळखलं नाही.
मलाही इथे दुखल्याशिवाय कोण हाक मारतं?

नुमिसियाला ग्रीक येत नव्हतं.
पण तिने हात उताणा केला, मग पालथा,
पुन्हा उताणा, आणि पैसे मोजून निघून गेली.

हिवाळ्यात मी दोरिओनचा झगा आणायला गेलो.
भिंतीवर कोळशाने रोजचा हिशेब लिहिलेला:
फोर्तुनाता, चादरी सहा.
ल्यूके, अंगरखे बारा, चादरी चार.
“ही ग्रीक बाई कधी आली कामाला?”
सगळ्याजणी पोट धरधरून हसल्या.
हौदातून एक हात वर आला, कोपरापर्यंत पांढरा.
माती कुठे संपते, मला कळेना.

“ज्या शब्दाचे पैसे मोजले,” नुमिसिया म्हणाली,
“तो काय पेटीत ठेवू?”
कानातले लोलक तिने त्याच ओल्या हाताने सारखे केले.
कोडाचं असलं कोडकौतुक मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन झगा उलगडला.
काखेतला पिवळा डाग होता तसाच होता.
मी परत गेलो नाही.